बंद गिरणीतला पांढरा 'कापूस'

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. त्या गर्दीत वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा डोळा चोळत आला. डोळ्यात काहीतरी गेले होते. डोळा धुतला, औषधाचे थेंब घातले. दिवा जवळ नेला तेव्हा त्याच्या भुवयांत, केसांत आणि शर्टाच्या शिवणींत पांढरे तंतू अडकलेले दिसले.

"काय रे, हे अंगावर काय घेऊन आलास?" मी विचारले.

"कापूस आहे साहेब. जुनी गिरणी तोडतोय ना आम्ही. गिरणी म्हटल्यावर कापूस असणारच!"

"गिरणीत कुठे काम चालले आहे तुझे?"

"बॉयलरच्या खोलीत. पाइपांवरचे लिंपण फोडून काढायचे, आतले लोखंड वेगळे करायचे."

तो गेला आणि मी पुढचा रुग्ण तपासू लागलो. पण मन काही लागेना. कापूस कताई खात्यात असतो, विणाई खात्यात असतो. बॉयलरच्या खोलीत कापूस कशाला येईल?

आमच्या गावची ती कापड गिरणी बंद पडूनही आता बराच काळ लोटला. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी म्हातारी झाली. आता यंत्रे गेली आणि शेडचे पत्रे, पाइप, लोखंडी कैच्या भंगारात निघाल्या आहेत. गावाला वाटते, गिरणी संपली. डॉक्टर म्हणून मला वाटते की तिच्यातला सर्वांत मोठा धोका आता कुठे बाहेर पडू लागला आहे. त्याचे नाव ॲस्बेस्टॉस. आजचा लेख त्याविषयी आहे.

माझी एक चूक

ॲस्बेस्टॉसचे नाव मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. परीक्षेत चार ओळी लिहिल्याही होत्या. पण पुस्तकातला आजार समोर आला तेव्हा मला ओळखता आला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

माझा दवाखाना सुरू होऊन पाच-सहा वर्षे झाली असतील. गिरणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दम लागतो म्हणून आले. आम्ही सगळे त्यांना तात्याच म्हणत असू. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, वजन उतरलेले. छातीच्या फोटोत खालच्या बाजूला डाग दिसले. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत. तरीही आपल्याकडे क्षय फार, म्हणून सहा महिने क्षयाची औषधे दिली. तात्यांनी एकही गोळी चुकवली नाही आणि दम तसूभरही कमी झाला नाही.

शेवटी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी तात्यांची बोटे पाहिली. नखे फुगीर, गोल झालेली होती. पाठीला स्टेथोस्कोप लावला. श्वास आत घेताना दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी कानाजवळ केस चोळावेत तसा करकर आवाज येत होता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काम काय करत होते?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या केसपेपरवर 'सेवानिवृत्त' एवढेच लिहिलेले होते.

उत्तर तात्यांनी दिले. पंचवीस वर्षे ते बॉयलरवर होते. वाफेच्या पाइपांवर लेप चढवणे हे त्यांचे काम. "पिशवीत पांढरे पीठ यायचे. पाण्यात शेणासारखे कालवायचे आणि हाताने लिंपायचे. जुने लिंपण फुटले की ठोकून काढायचे, झाडून घ्यायचे आणि नवे चढवायचे." ते पीठ ॲस्बेस्टॉसचे होते. तात्यांना क्षय नव्हता, ॲस्बेस्टॉसिस होता. निदान झाल्यावर ते तीन वर्षे जगले. शेवटचे वर्ष खाटेवर बसून, उशीवर डोके टेकून काढले. आडवे झाले की जीव घाबरा होई.

इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रुग्णाला वैद्य जे प्रश्न विचारतो त्यांत 'तुझा धंदा कोणता' हा प्रश्नही असला पाहिजे, असे त्याने त्यात सांगून ठेवले आहे. तीनशे वर्षांनी तो प्रश्न विचारायला मी विसरलो. त्यामुळेच त्या मुलाला परवा मी तो विचारला.

दगडाचा धागा

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, म्हणजे एक प्रकारचा दगडच. पण हा दगड कुटला की त्याचे धागे होतात. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत, आम्लाने सहसा झिजत नाहीत आणि उष्णता अडवतात. ग्रीक भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी 'न विझणारा' असा आहे. इतका गुणी आणि वर स्वस्त पदार्थ मिळाल्यावर कारखानदारीने तो डोक्यावर घेतला, यात नवल नाही.

जुन्या गिरणीत, साखर कारखान्यात किंवा वीजघरात तो कुठे कुठे असतो, हे आधी पाहू. छपराचे आणि भिंतींचे करड्या रंगाचे पन्हळी पत्रे, ज्यांना आपण सिमेंटचे पत्रे म्हणतो, त्यांत सिमेंटबरोबर साधारण दहा टक्के ॲस्बेस्टॉस असते. पावसाचे पाणी उतरवणारे जुने सिमेंटचे पाइपही त्याच जातीचे. बॉयलरच्या दाराला लावलेला पांढरा दोर, पाइपांच्या जोडांमधील गॅस्केट, विजेच्या जुन्या बोर्डामागचा पत्रा, यंत्रांचे ब्रेक लायनर यांतही ते सापडते. आणि सर्वांत वाईट म्हणजे बॉयलर व वाफेच्या पाइपांवरचे लिंपण, ज्याला कामगार लॅगिंग म्हणतात.

या दोन प्रकारांतला फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पत्र्यात तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात. पत्रा शाबूत असेल तोवर ते सहसा सुटत नाहीत. लिंपण मात्र मऊ आणि भुसभुशीत असते. जुने झाले की नुसत्या बोटांनी चुरडले जाते आणि त्यात ॲस्बेस्टॉसचे प्रमाण पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. त्यावर हातोडा मारणे म्हणजे तंतूंचा धूर करणेच आहे.

त्या मुलाच्या भुवईत दिसले ते तंतूंचे पुंजके होते. अपाय करणारे सुटे तंतू डोळ्यांना दिसतच नाहीत. ते केसाच्या शेकडो पटींनी बारीक असतात आणि वारा नसला तरी तासन् तास हवेत तरंगतात. नाकातले केस, घशातला कफ ही आपली नेहमीची चाळणी त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात, पण दगड पचत नाही. पेशी मरतात, सूज येते, त्या जागी व्रण राहतो आणि हे वर्षानुवर्षे चालू राहते.

आजार तीन, पण वाट फार लांबची

यातून मुख्यत: तीन आजार होतात. पहिला तात्यांना झाला तो ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा मऊ स्पंज निबर होतो, प्राणवायू रक्तात शिरेनासा होतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतील अस्तराचा कर्करोग. हा तिसरा आजार तसा दुर्मीळ. पण जेथे तो दिसतो तेथे मागे ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता फार मोठी. दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या परिसरातले असे ३३ रुग्ण १९६० साली डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडले, तेव्हा हा संबंध स्पष्ट झाला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. निळे वाईट आणि पांढरे चांगले, असा भेद तेथे नाही. कामाच्या ठिकाणी आलेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दर वर्षी दोन लाखांहून अधिक माणसे दगावतात, असे हीच संघटना सांगते.

मग लोक घाबरत का नाहीत? कारण हा शत्रू लगेच वार करत नाही. विंचू चावला तर माणूस तत्क्षणी ओरडतो. ॲस्बेस्टॉस नाकात गेले तर ना शिंक येते, ना खोकला. ॲस्बेस्टॉसिस दिसायला दहा-वीस वर्षे लागतात आणि मेसोथेलिओमाला वीस ते पन्नास. तोवर ठेकेदार बदललेला असतो, कारखान्याची जागा विकली गेलेली असते आणि त्या धुळीचा त्या दमाशी संबंध जोडणारा कोणी उरलेला नसतो.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी पुढचे आकडे नीट वाचावेत. अमेरिकेतील लॅगिंग कामगारांवर डॉ. सेलिकॉफ यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. १९७९ साली मांडलेल्या त्यांच्या आकड्यांनुसार, धूम्रपान न करणाऱ्या ॲस्बेस्टॉस कामगाराला फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट होता. ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या धूम्रपानींना तो सुमारे दहापट होता. ज्यांना दोन्ही होते, त्यांना पन्नासपटीहून अधिक. येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी विडी सोडणे हे कोणत्याही औषधापेक्षा मोठे औषध आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा

बंद कारखान्याचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यापुढेच आला आहे असे नाही. इटलीच्या उत्तरेला पो नदीच्या काठी कासाले मोनफेर्रातो नावाचे गाव आहे. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. १९०७ पासून तेथे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आणि पाइप करणारा एक मोठा कारखाना होता. त्या मालाचे नाव 'एतर्निट', म्हणजे चिरकाल टिकणारा. गावाला नोकऱ्या मिळाल्या, पगार चांगला मिळाला. पाइप घासून निघालेली पांढरी भुकटी गावकऱ्यांनाही मिळे. लोकांनी ती अंगणात पसरली, माळ्यावर थंडीपासून बचाव म्हणून घातली. कामगार धुळीने भरलेले कपडे घरी नेत आणि बायका ते झटकून धूत.

१९८६ साली कारखाना दिवाळखोरीत निघून बंद पडला. मृत्यू मात्र बंद पडले नाहीत. रोमाना ब्लासोत्ती पावेझी नावाच्या बाईंचे पती त्या कारखान्यात कामाला होते. ते १९८३ मध्ये मेसोथेलिओमाने गेले. नंतर बहीण, भाचा, चुलत बहीण गेली आणि शेवटी मुलगीही त्याच आजाराने गेली. मुलीने त्या कारखान्यात कधी काम केले नव्हते. या बाई पुढे पीडितांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२४ मध्ये वारल्या. अशा घरांची त्या गावात वाण नाही. कारखाना बंद होऊन चार दशके होत आली तरी नवे रुग्ण सापडतच आहेत.

पण त्या गावाने पुढे जे केले ते शिकण्यासारखे आहे. १९८७ साली महापौरांनी गावच्या हद्दीत ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला. देशाने बंदी घातली ती त्यानंतर, १९९२ मध्ये. ओसाड कारखाना भंगारवाल्यांच्या हवाली केला नाही. नगरपालिकेने जागा ताब्यात घेतली आणि धूळ बाहेर पडू न देता इमारती उतरवल्या. राहिलेले काँक्रीटच्या थराखाली बंद केले. घरोघरची छपरे आणि अंगणातली भुकटी यांची नोंद करून ती काढण्यासाठी लोकांना मदत दिली आणि त्या कचऱ्यासाठी वेगळी जागा केली. या कामाला दहा-वीस वर्षे लागली. २०१६ च्या सप्टेंबरात कारखान्याच्या जागेवर बाग खुली झाली. तिचे नाव 'एतर्नोट', म्हणजे 'एतर्निट नको'. आज तेथे मुले खेळतात.

आपणही यातले काही पाहिले आहे. ॲस्बेस्टॉस असलेली फ्रान्सची क्लेमान्सो ही जुनी युद्धनौका गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर तोडायला निघाली होती. देशभर गहजब झाला आणि २००६ मध्ये तिला परत बोलवावे लागले. पुढे ती इंग्लंडमध्ये तोडली गेली. परदेशी जहाजासाठी आपण एवढे जागे झालो. गावातली गिरणी तुटताना मात्र कोणाच्या लक्षातही येत नाही.

तोडायचे तर कसे?

वाचकांनी हे लक्षात घ्यावे की ॲस्बेस्टॉस सुरक्षितपणे काढता येते. त्याची रीत ठरलेली आहे आणि ती समजायला अवघड नाही. सार एवढेच की धूळ उडू द्यायची नाही आणि उडालीच तर ती घरी न्यायची नाही.

१. आधी पाहणी, मग हातोडा. काय कोठे आहे याची यादी तोडकाम सुरू होण्यापूर्वी झाली पाहिजे. डोळ्यांनी पाहून ॲस्बेस्टॉस ठरवता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. अहवाल येईपर्यंत जुने लिंपण ॲस्बेस्टॉसचेच आहे असे धरून चालावे.

२. ॲस्बेस्टॉस सर्वांत आधी काढावे. बाकीची इमारत त्यानंतर पाडावी. पत्र्यांसकट भिंत जेसीबीने ढकलून देणे ही सर्वांत वाईट पद्धत.

३. बॉयलरचे लिंपण हे रोजंदारीवरच्या पोरांचे काम नव्हे. ते प्रशिक्षित माणसांनीच काढावे. खोली प्लास्टिकने पूर्ण बंद करतात. आतली हवा यंत्राने ओढून बारीक गाळणीतून बाहेर सोडतात, म्हणजे फटीतून धूळ बाहेर येत नाही. लिंपण आतपर्यंत भिजवतात आणि ओलेच उतरवतात. पाइपाचा तुकडा लिंपणासकट गुंडाळून, कापून नेता आला तर अधिक चांगले.

४. पत्रे ओले करून काढावेत. पाण्यात थोडी साबणाची पूड घातली तर पाणी चांगले मुरते. फवारा हळुवार असावा, जोराच्या धारेने उलट तंतू सुटतात. हुकाचे नट-बोल्ट सोडवून पत्रा अखंड उतरवावा. वरून खाली फेकू नये. कटर, ग्राइंडर, ड्रिल अजिबात चालवू नये.

५. पत्र्यावर पाय देऊन चढू नये. जुना पत्रा वरून दणकट दिसतो आणि पाय ठेवताच फुटतो. ॲस्बेस्टॉसचा आजार तीस वर्षांनी होईल, पण वीस फुटांवरून पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. फळ्या, शिडी, पट्टा यांशिवाय वर जाऊ नये.

६. तोंडाला रुमाल किंवा उपरणे बांधून उपयोग नाही. करोनाच्या साथीत आपण वापरलेले साधे मास्क किंवा एन-९५ या कामाला पुरेसे नाहीत. पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाची गाळणी असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही.

७. कामाचे कपडे वेगळे आणि एकदा वापरून टाकायचे असावेत. काम संपल्यावर आधी ते ओले करून उतरवावेत, मास्क सर्वांत शेवटी काढावा, तेथेच अंघोळ करावी आणि मग घरी जावे. ते कपडे आई-बायकोने धुण्यासाठी घरी कधीही नेऊ नयेत.

८. खाली पडलेली धूळ झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके कचऱ्यातच टाकावे. घरातला किंवा दुकानातला व्हॅक्यूम क्लीनरही चालत नाही. त्यासाठी वेगळ्या गाळणीचे यंत्र असते.

९. काढलेला माल जाड प्लास्टिकच्या दोन थरांत बांधून, वर 'ॲस्बेस्टॉस, फोडू नये' असे ठळक लिहून ठेवावा. तो ओढ्यात, खड्ड्यात किंवा नगरपालिकेच्या कचरा डेपोवर टाकायचा नाही. कारखान्यातला असा कचरा घातक कचरा म्हणून हाताळला पाहिजे. आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सोय आहे. कोठून किती माल गेला याची कागदावर नोंद राहिली पाहिजे.

ठेकेदार म्हणतील, हे सारे करायचे तर भंगारातून काय सुटणार? प्रश्न खरा आहे. पण आज जो खर्च वाचतो तो नाहीसा होत नाही. तीस वर्षांनी तो एखाद्या गरिबाच्या घरात औषधांच्या आणि प्राणवायूच्या बिलाच्या रूपाने येतो. म्हणूनच हा खर्च जागेच्या मालकाने सौद्यातच धरला पाहिजे आणि तोडकामाची परवानगी देणाऱ्यांनी तो धरला आहे की नाही हे पाहिले पाहिजे.

ज्यांच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत

हे वाचून कोणी आज घरावरचे पत्रे उतरवायला निघू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आपल्यापैकी हजारो लोक अशा छपराखाली राहतात. शाबूत पत्रा डोक्यावर असल्याने तातडीचा धोका नसतो. घाईने फोडून काढाल तर मात्र नसलेला धोका अंगावर ओढून घ्याल. पत्रा चांगला असेल तर तसाच राहू द्या. पावसाळ्याआधी त्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडू नका. पंख्यासाठी, डिशसाठी त्याला भोके पाडू नका. तडा गेला, कडा झडू लागल्या तर बदला आणि बदलताना वर सांगितल्याप्रमाणे ओला करून, अखंड उतरवा.

गिरणीतले जुने पत्रे स्वस्तात मिळतात म्हणून गोठ्यासाठी, न्हाणीसाठी आणू नका. फुटके तुकडे गल्लीत भराव म्हणून टाकू नका. तेथून ट्रॅक्टर गेला की त्यांचे पीठ होते आणि मुले त्याच मातीत खेळतात. कासालेच्या लोकांनी फुकटची भुकटी अंगणात पसरली होती, हे विसरू नका.

ज्यांनी असे काम केले आहे

एखाद-दुसऱ्या दिवशी धूळ अंगावर आली म्हणून झोप उडवून घेऊ नका. धोका हा किती धूळ आणि किती दिवस यावर ठरतो. तात्यांच्या पत्नींनी वर्षानुवर्षे ते कपडे धुतले. त्या आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि ठणठणीत आहेत. प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. लगेच धावत जाऊन छातीचा फोटो काढण्यातही अर्थ नाही. सुरुवातीला त्यात काही दिसत नाही.

पण ज्यांनी बॉयलर, लॅगिंग, पत्र्यांचा कारखाना किंवा ब्रेक लायनर यांत वर्षे घालवली आहेत त्यांनी डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतील अशी वाट पाहू नये. माझ्यासारखा एखादा विसरतो. दम, न थांबणारा कोरडा खोकला, छातीत एका बाजूला दुखणे, वजन उतरणे असे काही असेल तर क्षयाबरोबर याचाही विचार झाला पाहिजे. निबर झालेले फुप्फुस पुन्हा मऊ करणारे औषध नाही. तरी विडी सोडणे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी घेणे, श्वासाचे व्यायाम आणि वेळेवर तपासणी यांनी बरेच काही राखता येते. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने व्यवसायजन्य आजार आहे आणि त्याची भरपाई मागता येते. त्यासाठी नोकरीचा कागद लागतो. जुन्या पेटीतली पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड फेकून देऊ नका.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये एका निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांना सांगितले की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी. या आजाराचे स्वरूप न्यायालयाने नेमके ओळखले होते. पण गिरणी तोडणाऱ्या रोजंदारीच्या मुलाची नोंद कोण ठेवणार?

त्या मुलाने 'कापूस' सांगितला त्याच संध्याकाळी मी गिरणीवर गेलो. मुकादमाशी बोललो. आधी तो हसला. मग तात्यांची हकिकत सांगितली. त्याचे सासरे तात्यांच्याच खात्यात होते, तेही दम्याने गेले होते. तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी नगर परिषदेला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी अर्ज दिले. ते कोणालाही देता येतात. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. सध्या बॉयलरच्या खोलीला कुलूप आहे आणि नमुना तपासणीला गेला आहे. पुढे काय होते ते पाहायचे. कुलूप लागले म्हणजे काम झाले, असे मी समजत नाही. गावातल्या चार जाणत्या माणसांनी लक्ष ठेवले तरच ते कुलूप नीट पद्धतीने उघडेल.

तो मुलगा परवा पुन्हा आला होता. डोळा बरा झाला आहे. छाती तपासली, ती स्वच्छ आहे. विडी ओढत नाही म्हणाला. मी त्याचा केसपेपर नव्याने लिहिला. वय, धंदा आणि खाली एक ओळ: 'बॉयलरच्या खोलीत जुने लिंपण फोडण्याचे काम, अकरा दिवस, मास्कशिवाय.' तारीख घातली, सही केली आणि एक प्रत त्याला दिली.

"हे कशाला साहेब? मला तर काही झालेले नाही," तो म्हणाला.

"होऊही नये," मी म्हटले. "पण जपून ठेव. तू पन्नाशीचा होशील तेव्हा मी नसेन. एखादा डॉक्टर विचारील, तू काय काम करत होतास. त्या वेळी तुझ्याजवळ उत्तर असावे."